मातीवरून उठताना

१

शारदा मॅडमच्या स्कूटीच्या डिक्कीत काय काय असायचं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल. युरियाच्या दोन रिकाम्या गोण्या, धुऊन वाळवलेल्या. जुन्या पेपरांची चळत. पिशवीत गुंडाळलेलं खुरपं. किलोभर जाडं मीठ. भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे. आणि या सगळ्यावर चौथीच्या पोरांच्या गणिताच्या वह्या, कारण डिक्की एकच होती आणि मॅडमना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बुलढाण्याहून देऊळघाटला शाळेत जायचं, संध्याकाळी परत यायचं, हा त्यांचा रोजचा रस्ता. या रस्त्यावर मांजरं मरतात. कुत्र्याला हळूहळू गाड्यांची अक्कल येते. मांजर मात्र अर्ध्या रस्त्यात थांबून विचार करत बसतं आणि तेवढ्यात आटोपतं. लोक वळसा घालून निघून जातात. दुपारपर्यंत त्याचा डांबराला चिकटलेला एक केसाळ तुकडा उरतो, आणि मग तेवढ्यासाठी कुणी वळसाही घालत नाही.

शारदा थांबायची. स्कूटी बाजूला लावून पोट हलतंय का ते बघायची. हलत असेल तर पेपर, गोणी आणि थेट जनावरांचा दवाखाना. नसेल हलत तर गोणी आणि पंजाबरावांचा धुरा. धुरा म्हणजे शेताची कड. पंजाबराव इंगळ्यांची तूर रस्त्याला लागून आहे, आणि त्यांनी एकदा स्वतःच सांगितलं होतं, "मॅडम, रस्त्याच्या कडीले काऊन गाडता, कुत्रे उकरते. आमच्या धुऱ्यावर गाडत जा, कोनी काही म्हनत नाही." तेव्हापासून तिथं हातभर खड्डा, मीठ, मांजर, पुन्हा मीठ, माती, वर एक धोंडा. अकरा मिनिटं लागायची. पहिला तास कधी बुडला नाही.

हे वेड तिला कुठून लागलं, तर तेही सांगतो. दीड वर्षापूर्वी भालचंद्रराव, म्हणजे तिचे यजमान, कॉलेजच्या लायब्ररीतून घरी येताना गाडीवरच लकव्याचा झटका येऊन पडले. भर दिवसा, वाहत्या रस्त्यावर. चाळीस मिनिटं पडून होते. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बेवडा आहे. वळसा घालून गेले. शेवटी एका भाजीच्या टेम्पोवाल्यानं उचललं. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झटका आला तर मात्र, आणि पुढचं बोललेच नाहीत. शारदा मास्तरीणच, तिनं वाक्य मनात पूर्ण केलं.

त्या दिवशी तिनं दोन गोष्टी ठरवल्या. रस्त्यात पडलेल्याला वळसा घालायचा नाही. आणि पुढच्या वेळी त्यांना एकटं पडू द्यायचं नाही. ती वेळ येईल तेव्हा आपण जवळ असायचं, त्यांचा हात आपल्या हातात असायचा, बस. याखेरीज तिला आता काही नको होतं.

काही वाटायचंही नाही. पहिल्या दोन मांजरांच्या वेळी ती रडली होती. दहाव्याच्या वेळी नाही. मग ते पसरत गेलं. दिवाळी आली, गेली. पुण्याहून मुलगी इरा फोनवर रडायची आणि ही "हं, हं" करत वह्या तपासायची. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल चाचपून पाहतो ना आपण, तसं झालं होतं. गाल आहे, आपलाच आहे, पण हाताला परका लागतो.

२

डिसेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी, देऊळघाट दोनेक किलोमीटर राहिलेलं असताना, तिला एक भुरी मांजरी दिसली. डाव्या कानाला खाच होती. पुढचे दोन पाय उभे राहायला बघत होते आणि मागचं सगळं अंग जागेवरच होतं.

शारदानं तिला पेपरात घेतलं आणि गाडी परत बुलढाण्याकडे वळवली. दवाखान्यात शिपाई म्हणाला, "डॉक्टर म्हशीची डिलेव्हरी कराले गेले, येतेतच." ती बाकावर बसली. मांजरी मांडीवर होती. ओरडत नव्हती. तिनं एक पंजा काढून शारदाच्या मनगटावर ठेवला, नखं आत ओढून, आणि शारदाच्या तोंडाकडे बघत राहिली. किती वेळ कोण जाणे. डॉक्टर आले तेव्हा पंजा तिथंच होता, पण मांजरी नव्हती.

शारदाला काही वाटलं नाही. तिनं पंजा अलगद उचलून पेपरात ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

उशीर झाला होता. त्या दिवशी नेमके केंद्रप्रमुख शाळेत येणार होते. धुऱ्यावर पोचली तर पंजाबराव हरभऱ्याला पाणी देत उभे. खड्डा अर्धा झाला आणि फोन वाजला. सिंधूताईंचा. सिंधूताई म्हणजे शारदा शाळेत असताना भालचंद्ररावांजवळ थांबणारी बाई, साठीची, तोंडाळ, पण हाताची मऊ. "मॅडम, सराले चहाचा ठसका लागला होता. आता बरे हाय, घाबरू नका. पन सांगून ठेवा लागते म्हनून सांगितलं."

"उशी उंच करा. मी दुपारी फोन करते," शारदा म्हणाली. फोन कानाखांद्यात धरूनच तिनं मीठ टाकलं, मांजरी ठेवली, माती लोटली, धोंडा ठेवला. हात झटकत उठली आणि निघता निघता म्हणाली, "येते हं."

घरातून निघताना रोज म्हणायची तसंच, त्याच सुरात. तोंडाची सवय, दुसरं काय.

पंजाबरावांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "मॅडम, हे काय म्हनल्या तुम्ही."

"काय म्हटलं?"

"मातीवरून उठताना 'येते' नाही म्हनत."

आता हे काय मराठी माणसाला समजावून सांगायला लागत नाही. घरातून निघताना आपण "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. आणि मयताच्या घरून, मसणातून उठताना "येतो" म्हणत नाही. उठायचं, चपला घालायच्या, मुकाट्यानं चालू लागायचं. शारदाला हे माहीत नव्हतं असं थोडंच. आजवर कितीतरी घरांतून ती अशी न बोलता उठून आली होती.

"मांजर आहे हो ते, पंजाबराव," ती म्हणाली.

"म्हनून तं सांगतो. मानसाले समजते, चुकून निंगालं म्हनून. मांजराले काय समजते? ते वाट पाहत बसन." ते हसले. मग हसायचे थांबले आणि पाइप उचलून दुसऱ्या सरीला लावला.

३

पुढचे आठ दिवस रस्त्यावर एकही मांजर मेलं नाही. शारदानं त्याची नोंद घेतली, आनंद वगैरे काही झाला नाही. डिक्कीतलं मीठ तसंच राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी पंजाबरावांनी हात करून तिची गाडी थांबवली. "मॅडम, एक सांगू का, राग नका मानू. सांजच्या टायमाले एकट्या बसत नका जाऊ धुऱ्यावर. साप-किरडू असते."

"मी कुठं बसते?"

"कालबी बसल्या होत्या. परवाबी. त्या भुऱ्या मांजरीपाशी. म्या आवाज देल्ला, तुम्ही पाह्यलंबी नाही. म्हनलं असन काही मनात, बसू द्या."

"किती वाजता?"

"साडेपाच-पावनेसहा. मोटर बंद कराले आलो होतो म्या."

साडेपाचला शारदा घरी असायची. साडेपाचला ती भालचंद्ररावांना चमच्यानं चहा पाजायची, कप संपायला वीस मिनिटं लागायची, आणि त्यात आजवर खंड पडला नव्हता. काल पडला नव्हता, परवाही नाही.

"तोंड पाहिलं का तुम्ही?"

"तोंडाले बांधेल होतं. तुम्ही बांधता तसंच. आंगात हेच स्वेटर."

शारदाला हायसं वाटलं असतं, तसं काही वाटायची सोय राहिली असती तर. कारण बुलढाण्यात स्कूटीवर फिरणारी प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळते, डोळे तेवढे उघडे. बस स्टँडसमोर सख्खी बहीण शेजारी उभी राहिली तरी ओळखू येत नाही. आणि तपकिरी स्वेटर तर शंभर जणींकडे असेल. कुणीतरी बाई असेल, घरी काही झालं असेल, येऊन बसत असेल निवांत. बायकांना बसायला जागा तरी कुठं असते.

"गाडी होती तिच्याजवळ?" तिनं विचारलं.

पंजाबरावांनी जरा आठवून पाहिलं. "गाडी नाही पाह्यली म्या," ते म्हणाले.

शाळेत त्या दिवशी तिनं भागाकार शिकवला. बाकी उरते तिचं काय करायचं, असं एका पोरीनं विचारलं. ती बाजूला लिहून ठेवायची, असं तिनं सांगितलं.

४

भालचंद्ररावांचं आणि तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. तसं बोलणं कसलं, त्यांना बोलता येतच नव्हतं. पण संध्याकाळी दारातून आत आली की ती म्हणायची, "आले हो." आणि ते पांघरुणावरून डाव्या हाताची दोन बोटं उचलायचे. दीड वर्षात एवढं एकच त्यांच्याकडून तिला मिळायचं आणि ती ते पदरात पाडून घ्यायची.

त्या आठवड्यात ती "आले हो" म्हणाली आणि बोटं उचलली गेली नाहीत. ते दाराकडे बघत होते.

ती पलंगाजवळ गेली. "अहो, आले मी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एखाद्या परक्या पण सभ्य बाईकडे बघावं तसं पाहिलं, आणि पुन्हा नजर दाराला लावली. वाट पाहणाऱ्या माणसाची नजर कशी असते ते काही तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा पेशंटला कधी कधी एका बाजूचं दिसत नाही, दिसलं तरी मेंदू घेत नाही. तुम्ही डाव्या बाजूला बसत जा. पटण्यासारखंच होतं. तिनं खुर्ची डावीकडे नेली. दोन दिवस, तीन दिवस. ते तिच्या खांद्यावरून दाराकडेच बघायचे. चहा प्यायचे, औषध घ्यायचे, कूस बदलून घ्यायचे, सगळं तिच्याच हातून. आणि वाट बघायचे.

"सर काऊन असे करून राह्यले?" तिनं शेवटी सिंधूताईंना विचारलं. घरी ती सिंधूताईंशी कधी कधी त्यांच्यासारखंच बोलायची.

सिंधूताई मेथी निवडत होत्या. "वाट पाहून राह्यले ना."

"कोणाची?"

"तुमचीच तं. अजून काऊन नाही आल्या म्हनून."

"मी तर इथंच आहे."

सिंधूताईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "हाव," त्या म्हणाल्या, "तेबी खरं हाय." आणि पुन्हा मेथीला लागल्या.

त्या रात्री शारदानं आरशात स्वतःला नीट पाहिलं. काही वेगळं नव्हतं. कपाळ, टिकली, डोळ्यांखालचं काळं. हात लावून पाहिला. गाल होता, आपलाच होता. तिला वाटलं, भीती वाटायला हवी होती आता. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, ती काही वाटली नाही, मग दिवा बंद केला.

५

दुसऱ्या दिवशी तिनं सिंधूताईंना अर्धा तास जास्त थांबायला सांगितलं आणि शाळा सुटल्यावर उगीच कपाट आवरत बसली. साडेपाच वाजून गेल्यावर निघाली.

पंजाबरावांच्या शेतापाशी तिनं गाडी थांबवली. उन्हं कलली होती पण उजेड चांगला होता. तुरीला शेंगा लागल्या होत्या. दूर कुठंतरी मळणीयंत्र चालू होतं, ते बंद झालं आणि मग सगळीकडे शांत झालं.

धुऱ्यावर एक बाई बसली होती. पाठमोरी. तपकिरी स्वेटर, त्याच्या डाव्या खांद्याला उसवलेली शिवण, जी शारदा महिनाभर शिवीन शिवीन म्हणत होती. निळ्या ठिपक्यांचा स्कार्फ सोडून मानेवर टाकलेला. अंबाडा खाली घसरलेला. बाईनं एक पाय दुमडून घेतला होता आणि एक लांब केला होता, गुडघा दुखणारी माणसं बसतात तशी.

ती बाई हातानं माती थोपटत होती. हलकं, एका लयीत, लेकरू झोपवावं तसं. थप थप आवाज रस्त्यापर्यंत येत होता, इतक्या लांबून येऊ नये तरी. आणि तिच्या मांडीवर काहीतरी भुरं होतं, ते मधूनच अंग ताणत होतं.

हाक मारावी असं शारदाच्या मनात आलं. पण काय म्हणून मारणार. "अहो बाई" म्हणावं तर तोंडातून निघेना, आणि दुसरं जे नाव ओठांवर आलं ते घेऊन हाक मारायची तिची छाती झाली नाही.

बाईची थोपटणी थांबली. ती वळली नाही. नुसती मान कलती केली, मागं कुणीतरी उभं आहे हे कळल्यावर आपण करतो तशी.

शारदानं गाडी सुरू केली आणि घरापर्यंत एकदाही आरशात पाहिलं नाही. घरी आली, "आले हो" म्हणाली. भालचंद्ररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

६

"शब्द देल्ला ना तुम्ही तिले," पंजाबराव म्हणाले. शारदानं त्यांना सगळं सांगितलं नव्हतं, अर्धंच सांगितलं होतं, पण खेड्यातल्या माणसाला अर्धं पुरतं. "तो वापस घ्या लागते. जाऊन सरळ सांगा, 'जाते' म्हना. मांगं पाहू नका आन् निंघून या. माह्या आजीनं असंच केलं असतं."

शारदाचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण भालचंद्रराव रोज थोडे थोडे संपत चालले होते, खाणं निम्म्यावर आलं होतं, आणि ते ज्या बाईची वाट बघत होते ती धुऱ्यावर बसून एका मेलेल्या मांजरीला थोपटत होती. हे असंच चाललं तर ती वेळ येईल, आपण हात धरून बसलेलो असू, आणि त्यांच्या लेखी ते एकटेच असतील. रस्त्यावर पडले होते तसे. हा एक विचार मात्र तिला बाजूला ठेवता येईना. म्हणून ती जायला तयार झाली.

रविवार धरला. दुपारी दोनला निघायचं, तासाभरात परत यायचं. सिंधूताईंना थांबवून घेतलं.

अडचण एकच होती. "जाते" हा शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता. लहानपणी एकदा शाळेला निघताना "जाते गं" म्हणाली म्हणून आईनं तोंडावर चापट मारली होती, तेव्हापासून छप्पन्न वर्षांची होईपर्यंत निघताना तिनं तो कधी उच्चारला नव्हता. म्हणून सकाळपासून ती घोकत होती. भांडी घासताना, जाते. भालचंद्ररावांचं अंग पुसताना, मनातल्या मनात, जाते, जाते. पाढे पाठ करावेत तसं. बारा वाजेपर्यंत जीभ वळायला लागली.

दोनला तिनं स्वेटर घातलं, तोंडाला स्कार्फ बांधला, किल्ली घेतली. भालचंद्रराव जागे होते, दाराकडे बघत होते. आज दारात ती होती, तरी तिच्याकडे बघत नव्हते. ती काहीतरी म्हणाली आणि बाहेर पडली. सिंधूताईंनी झटकन मान वर केली ते तिला दिसलं, पण तिला वाटलं, दार आपटलं म्हणून असेल.

धुऱ्यावर कुणी नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नव्हतं, असं तिला का कोण जाणे पक्कं वाटलं. भुरीच्या धोंड्याशेजारचं गवत दबलेलं होतं. माणूस बसून बसून जमीन चोपडी होते तशी तिथं झाली होती. तिनं तळवा टेकवून पाहिला. ऊब होती. उन्हाचीही असेल, पण बाकीची माती गार होती.

ती उभी राहिली. स्कार्फ खाली केला. म्हणायला तोंड उघडलं, आणि शब्द जिभेवर येताच तिला कळलं की तो आज एकदा वापरून झालाय. दारात. भालचंद्ररावांना.

"जाते," म्हणाली होती ती त्यांना.

मग धुऱ्यावर काही म्हणायचं तिच्यानं झालंच नाही. ती धावत गाडीकडे गेली. गाडी तिनं आयुष्यात हाणली नव्हती इतकी हाणली. आणि अर्ध्या रस्त्यात, डांबराच्या मधोमध, एक मांजर पडलं होतं. काळं-पांढरं, लहानसं. पोट हलत होतं का ते तिनं पाहिलं नाही. हँडल वळवलं आणि वळसा घालून पुढे गेली. आरशात त्यानं मान उचलल्यासारखी दिसली. ती थांबली नाही. तेव्हा मात्र ती भ्यायली.

७

दारात सिंधूताई उभ्या होत्या, शेजारच्या दोन बायकांना घेऊन. पदर तोंडाला लावलेला. शारदाला गाडीवरून उतरताना पाहिलं आणि त्यांचा पदर खाली आला.

"तुम्ही कुठून आल्या?"

"सर कसे आहेत?"

"मॅडम, तुम्ही तं आत होत्या." सिंधूताई तिच्याकडे बघत होत्या, मग घराच्या आत बघत होत्या. "आताआतापर्यंत आत होत्या तुम्ही."

शारदानं त्यांना पायरीवर बसवलं. शांतपणे, शाळेत रडणाऱ्या पोराला विचारावं तसं विचारलं, काय झालं ते पहिल्यापासून सांगा.

"तुम्ही 'जाते' म्हनून गेल्या, मले धस्स झालं. पाच मिनिटात तुम्ही वापसच आल्या. गाडीचा आवाज नाही, काही नाही. म्हनलं, गाडी बंद पडली असन. तोंडाचंबी सोडलं नाही, सीध्या सरापाशी जाऊन बसल्या. म्हनल्या, चुकून निघालं हो तोंडातून. आले मी. आता कुठं नाही जात."

"मग?"

"सरानं हात उचलला. बोटं नाही मॅडम, सारा हात. तुमच्या तोंडावरचा स्कार्फ त्यायनंच खाली केला. आन् बोलले." सिंधूताईंनी तिचं मनगट धरलं. "शारदा म्हनले. असं साफ. दोनदा म्हनले. म्या सैपाकघरातून आयकलं."

एकोणतीस वर्षांच्या संसारात ते तिला "अगं" म्हणत. नावानं हाक त्यांनी क्वचितच मारली असेल, तीही दार लावलेलं असताना.

"मंग लय वेळ तुम्ही त्यायचा हात धरून बसल्या. मले वाटलं झोपले सर. मंग तुम्हीच बाहेर येऊन सांगितलं, सिंधूताई, गेले हे. म्या या दोघीले बोलवाले शेजारी गेली. वापस येऊन पाहतो तं तुम्ही गाडीवरून उतरून राह्यल्या."

शारदा आत गेली. घरात आणखी कुणी नव्हतं. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती.

भालचंद्ररावांचं तोंड दाराकडे नव्हतं. ते डावीकडे, खुर्चीकडे वळलेलं होतं. कुणीतरी त्यांचे डोळे मिटले होते, केस नीट सारखे केले होते, भांग तिला आवडायचा तसा डावीकडून पाडला होता. चेहऱ्यावर त्रासाची एक रेघ नव्हती. ज्या माणसाची वाट पाहिली ते माणूस वेळेवर आलं, असा चेहरा होता तो.

ती खुर्चीत बसली. त्यांचा डावा हात हातात घेतला. हात गरम होता, आणि बोटं अर्धवट वळलेली होती, दुसऱ्या कुणाचा तरी हात आत्ताच त्यातून सोडवून घेतल्यासारखी. तिनं आपला हात त्या पोकळीत बसवून पाहिला. बरोबर बसला.

बायका खोलीत यायला लागल्या. कुणी तिच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी म्हणालं, रड बाई, रडून घे, आत ठेवू नको. तिला रडू आलं नव्हतं. तिला हेवा वाटत होता. पोटातून, जळजळीत, एखाद्या तरुण पोरीला वाटावा तसा हेवा.

ती त्यांच्या कानाशी वाकली. बायकांना वाटलं, ती त्यांचा निरोप घेते आहे.

"अहो," ती म्हणाली, "ती मी नव्हते."

तिनं ते दोन-तीनदा सांगितलं. मग सिंधूताईंनी तिला धरून उठवलं, कारण भालचंद्ररावांना खाली जमिनीवर घ्यायचं होतं आणि माणसं येऊन उभी होती.